न आलेली सोळा पानं

"जॅकेट हा शब्द इंग्रजीत नाही," दादासाहेब म्हणाले, आणि अंगातल्या खादीच्या जाकिटाचं वरचं बटण सोडून खुर्चीत मागे रेलले.

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलेसुद्धा. पण टेबलाभोवती दुसरं कुणी हसेना. डॉक्टर मिराशींनी माझ्या सहा लाकडी सोंगट्या पटावरून एकेक करून उचलल्या आणि माझ्यासमोर परत ठेवल्या. ओगलेबाईंनी वहीत माझ्या नावापुढे शून्य मांडलं आणि त्या शून्यावर पेन दोनदा फिरवलं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची, कऱ्हाडची. क्लबाचं नाव कृष्णाकाठ क्लब. दोन खोल्या, फाटक्या कापडाचं एक बिलियर्डचं टेबल, भिंतीवर येऊन गेलेल्या कलेक्टरांचे फोटो, आणि दर रविवारी चार वाजता इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. प्रत्येकाला सात अक्षरं मिळायची. त्यातून शब्द करून पटावर लावायचा. साध्या अक्षराला एक गुण, अडचणीच्या अक्षराला जास्त. क्यू आणि झेडला दहा, जेला आठ.

दादासाहेब शेणोलीकर गावातले मोठे वकील. मुलींच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तेच, क्लबाचे अध्यक्षही तेच. शाळेत इंग्रजीची जागा निघाली की त्यांनी उमेदवार निवडायची एक रीत पाडली होती. अर्जावरून माणसाचं इंग्रजी कळत नाही असं त्यांचं म्हणणं. मुलाखतीतून कळलं असतं, पण मुलाखत इंग्रजीत घ्यायची तर प्रश्नही इंग्रजीत विचारावे लागतात. तेव्हा उमेदवारानं दोन रविवार क्लबात येऊन खेळायचं, आणि एका तरी डावात दोनशेच्या पुढे जायचं. जो जाईल त्याचं नाव संस्थेकडे. माझ्याआधी सहाजण येऊन हात हलवत परत गेले होते.

मला ती नोकरी हवी होती. सांगलीला मामांकडे राहून बीए झाले होते, पहिल्या वर्गात. आई मी दहा वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मी मामांकडेच होते. तीन महिन्यांपूर्वी परत आले, तर आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. दोरा सुईत ओवायला ते शेजारच्या बाईला हाक मारत होते. ही नोकरी मिळाली नसती तर मला दुसऱ्या गावी जावं लागलं असतं, आणि ते पुन्हा एकटे पडले असते.

आबा बाइंडर होते. सदाशिव कारंजकर हे नाव फक्त रेशनकार्डावर, गावात सगळे सदाबा बाइंडर म्हणायचे. कोर्टामागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. क्लबातली माणसं त्या बोळात सहसा येत नसत, शिपाई पाठवत. पहिल्याच दिवशी दादासाहेबांनी मला विचारलं, कुठल्या कारंजकर? मी म्हणाले, सांगलीच्या. खोटं नव्हतं ते. पण मी ते किती चटकन म्हणाले, हे माझं मलाच कळलं होतं.

तयारी मी जोरात केली होती. आबांनी छापखान्याच्या कातरणीतून उरलेल्या कागदांची एक लांबट वही शिवून दिली होती. तिच्यात मी याद्या करत बसायची. क्यू असून यू नसलेले शब्द. झेडनं संपणारे. ज्यांत एक्स आहे आणि अक्षरं तीनच आहेत असे. जे सुरुवातीला असलेले, जे मध्ये असलेले. दोन अक्षरांचे सगळे. आबा खळ ढवळत बघत असायचे. एकदा त्यांनी विचारलं, या सगळ्यांचा अर्थ काय गं? मी म्हटलं, अर्थ लागत नाही आबा, नुसती अक्षरं लागतात. ते हसले. म्हणाले, "मग माझ्यासारखंच की. मी बी न वाचताच पुस्तकं बांधतो."

पण आबा न वाचता बांधत असले तरी न मोजता बांधत नसत. क्लबातल्या लोकांना मोजण्यापलीकडे काही येत नव्हतं. डॉक्टर मिराशी दातांचे डॉक्टर. त्यांच्या खिशात इवलीशी डायरी असे, तिच्यात एक्सचे शब्द. ती ते टेबलाखाली धरून बघत आणि मग जणू आत्ताच सुचलं अशा चेहऱ्यानं वर येत. एकदा त्यांनी झेड आणि ओ एवढीच दोन अक्षरं लावली. मी विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाले, असेल एखादं जनावर. ओगलेबाई माझ्या होऊ घातलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना बिनस्वरांचे शब्द पाठ होते, आणि शुभंकरोतीच्या चालीत त्या ते पुटपुटत. चहा मागवायचा तर मराठीत, भांडायचं तर मराठीत, आणि गुण कमी पडले की सणसणीत मराठीत. इंग्रजी त्या तिघांच्याही तोंडात कधी गेलंच नाही. देवघरातल्या चांदीच्या ताटासारखं, फक्त मांडायचं.

आणि अशा या तिघांनी मला सांगितलं की जॅकेट नावाचा शब्द नाही.

"क्लबाचा नियम आहे, मिस कारंजकर," दादासाहेब म्हणाले. "क्लबाच्या डिक्शनरीत असेल तो शब्द. नसेल तो नाही. बघून घ्या."

डिक्शनरी कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात होती. किल्ली दादासाहेबांच्या जानव्याला. त्यांनी वाकून कुलूप उघडलं. मी ते जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी बाहेर काढलं, आणि काढताक्षणीच मला कळलं की हे कुणी बांधलंय. तांबडं कापड, कोपऱ्यांना चामडं, आणि वाचनखुणेची फीत. ती फीत माझ्या आईच्या इरकली लुगड्याच्या काठाची होती. ते लुगडं फाटल्यावर आबांनी काठ काढून ठेवले होते आणि मोठं, मानाचं पुस्तक आलं तरच त्याची फीत लावत.

मी जे काढलं. पान सहाशे बहात्तर, त्याच्या समोर सहाशे एकोणनव्वद. आयच्या शेवटापासून थेट जेयूपर्यंत मधलं काहीच नव्हतं. सोळा पानांचा अख्खा एक फर्मा. जॅकेट नव्हतं, जेल नव्हती, जोक नव्हता, जॉय नव्हता. ज्याच्यासाठी मी तिथं बसले होते तो जॉबसुद्धा नव्हता. वकीलसाहेबांचं नशीब थोर, म्हणून जज, ज्यूरी आणि जस्टिस तेवढे शिल्लक होते.

मी म्हणाले, यातली पानं गेलीत.

"माहीत आहे," डॉक्टर मिराशी म्हणाले. त्यांनी बशीत चहा ओतला. मग ओगलेबाईंनी समजावलं की क्लबात जेनं शब्द सुरू करत नाहीत, जुन्या लोकांना ते अंगवळणी पडलंय. नवीन माणूस मात्र हमखास फसतो. हे सांगताना त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवायचंही त्यांना सुचलं नाही. गेल्या सहाजणांचंही इथंच घोडं पेंड खात होतं, हे मला तेव्हा कळलं. दुसरी डिक्शनरी का आणत नाही, असं मी विचारलं. त्यावर तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू ग्रामदैवत बदला म्हणाले होते.

"बहात्तर साली बांधायला दिली होती," दादासाहेब म्हणाले. "तो सदाबा बाइंडर. शहाण्यानं एक फर्माच गाळला. या लोकांना कागद कळतो, पुस्तक कळत नाही. बारा वर्षं झाली, आम्ही त्याची चूक सांभाळून घेतोय. बोललो नाही कधी त्याला. चूक बाइंडरचीच, नाही का, मिस कारंजकर?"

आता एक सांगायला हवं. आबा कुठलंही पुस्तक बांधताना पानं तीनदा मोजत. कमी असतील तर गिऱ्हाइकाला सांगत, आणि मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं तसं लिहून मग त्यावर अस्तराचा कागद चिकटवत. त्यांच्या वडिलांची रीत होती ती. गिऱ्हाईक विसरतं, पुठ्ठा विसरत नाही, असं ते म्हणायचे. लहानपणी मी शेजारी बसून ते लिहिताना बघितलं होतं. तेव्हा त्या घटकेला, त्या टेबलाशी, मला पक्कं ठाऊक होतं की माझ्या हातातल्या पुस्तकाच्या मागच्या अस्तराखाली काहीतरी लिहिलेलं आहे. ओलं फडकं फिरवून कागद उचलायचा, एवढंच काम होतं.

"हो," मी म्हणाले. "बाइंडरचीच."

दादासाहेब खूश झाले. या मुलीला शिस्त आहे, असं ते ओगलेबाईंना म्हणाले. त्या दिवशी माझे एकशे अठ्ठ्याऐंशी झाले. पुढच्या रविवारी या, असं सांगून त्यांनी मला स्वतः दारापर्यंत पोचवलं.

दिवेलागणीला घरी आले. क्लबाची सगळी नक्कल मी आबांना करून दाखवली. मिराशींची डायरी, ओगलेबाईंचं पुटपुटणं, जाकीट घालून जॅकेट नाकारणारे दादासाहेब. आबा हसत होते. नक्कल करता करता मी डिक्शनरीवर आले आणि थांबायचं तिथं थांबले नाही. सदाबा बाइंडरनं फर्मा गाळला असं ते म्हणतात, हे पण बोलून गेले.

आबांचं हसू गेलं.

"बारा वर्सं असं म्हणत्यात?"

मी मान हलवली.

"मग तू काय म्हनलीस?"

"काय म्हणणार? गप्प बसले."

त्यांनी हातातला ब्रश खळीच्या डब्यावर आडवा ठेवला. "अस्तर उचलून दावायचं हुतंस. तुला ठाव हाय की, मी लिवतो ते."

मी त्यांना समजावलं. नोकरी त्या माणसाच्या हातात आहे. एकदा ऑर्डर हातात पडू दे, मग मी स्वतः अस्तर उचलून त्या तिघांच्या नाकासमोर धरते. आता उगाच कशाला? बारा वर्षं थांबलंय, अजून महिनाभर थांबेल. चांगलं मुद्देसूद बोलले मी. इंग्रजीच्या बीएला वादविवादात बक्षीस होतं मला.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं." त्या आठवड्यात त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, पटलं त्यांना.

पुढच्या रविवारी मी जेनं सुरू होणारा एकही शब्द मनात येऊ दिला नाही. वहीतली जे मध्ये असणाऱ्यांची यादी पाठ करून गेले होते. तिसऱ्याच खेपेला बँजो लावला, तोही दुप्पट गुणांच्या घरावर. मिराशींची डायरी टेबलाखालून उघड उघड वर आली. ओगलेबाईंनी बेरीज दोनदा करून बघितली. साडेपाचच्या सुमाराला मी एकशे शहाण्णवावर होते, हातात तीन अक्षरं होती, आणि मला दोनशे पाच कसे होणार ते दिसत होतं.

तेवढ्यात दारात आबा आले.

धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. एका हातात पाण्याचं पितळी भांडं, दुसऱ्या हातात खळीचा डबा आणि खांद्यावर फडकं. चपला त्यांनी बाहेर काढल्या. दादासाहेबांना त्यांनी नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"सदाबा? आज इकडं कुठं?" दादासाहेबांनी विचारलं.

"आपली डिक्शनरी बघायची हुती सायेब. मी बांधलेली. पानं न्हाईत म्हणून तक्रार हाय म्हनं."

कुणी सांगितलं असं दादासाहेबांनी विचारलं. आबा म्हणाले, गावात चार तोंडं असत्यात. डिक्शनरी टेबलावरच होती. नको म्हणायला दादासाहेबांना वेळ मिळाला नाही. आबांनी पुस्तक पालथं घातलं, मागचा पुठ्ठा उघडला, फडकं भिजवून पिळलं आणि अस्तराच्या कागदावर ठेवलं. मग उभे राहिले. दोनेक मिनिटं गेली असतील. त्या दोन मिनिटांत मी माझ्या तीन सोंगट्या नुसत्या इकडच्या तिकडं करत होते.

त्यांनी नखानं कोपरा सोडवला. कागद अख्खा निघाला, कुठं फाटला नाही. खाली पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या चार ओळी होत्या.

आबा वाकले, डोळे बारीक केले, परत सरळ झाले. मोतीबिंदूनं त्यांना ते वाचता येणार नव्हतं. त्यांनी टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "तुमची नजर तरणी हाय. एवढं वाचून दावा समद्यास्नी."

मी उठले. दुसरं काय करणार होते? पुस्तक उचललं आणि वाचलं. "तारीख नऊ जून एकोणीसशे बहात्तर. पानं सहाशे त्र्याहत्तर ते सहाशे अठ्ठ्याऐंशी आली नाहीत. वकीलसाहेब दुकानात आले तेव्हा सांगितलं. रविवारी कलेक्टरसाहेब क्लबाच्या उद्घाटनाला येणार, असू दे, तसंच बांध म्हणाले. सदाशिव."

माझा आवाज स्पष्ट आला. शाळेत वर्गासमोर धडा वाचावा तसा.

दादासाहेब म्हणाले, त्यांना असं काही आठवत नाही. मिराशींनी डायरी खिशात घातली आणि विचारलं की म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? दादासाहेब म्हणाले, मुद्दा तो नाही, मुद्दा नियमाचा आहे. ओगलेबाईंनी बहात्तर सालापासून कोणत्या वर्षी या खेळाचा करंडक कुणी जिंकला ते बोटांवर मोजायला सुरुवात केली. नऊ वेळा दादासाहेब. त्यांनी ते मोजून झाल्यावर वही मिटली आणि चहाचं काय झालं म्हणून शिपायाला हाक मारली. चूक मान्य करणं, माफी मागणं, निदान उभं असलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसा म्हणणं, यातलं काही त्या टेबलावर घडलं नाही. त्या माणसांचा मला इतका तिटकारा आला की त्या तिटकाऱ्यात मला स्वतःला बाजूला ठेवता आलं. ते फार सोयीचं होतं.

आबांनी तोवर खळ लावून कागद परत बसवला होता. मुठीनं तो मधून कडेपर्यंत दाबत नेला, इरकलीची फीत नीट आत घातली, पुस्तक मिटलं. त्यांचं काम झालं होतं. भांडं, डबा, फडकं गोळा केलं.

जाताना ते माझ्यासमोर क्षणभर थांबले. अजूनही सांगता आलं असतं. हे माझे वडील आहेत, एवढे चार शब्द. ज्या बाईला क्यू असून यू नसलेले सगळे शब्द पाठ होते, तिला एवढं जुळवता आलं नाही.

"उपकार झाले, बाई," आबा म्हणाले आणि गेले.

"तऱ्हेवाईक माणूस," दादासाहेब म्हणाले. मग जाकिटाचं बटण लावत, "मिस कारंजकर, तुमची पाळी."

मी सोंगट्या लावल्या. दोनशे पाच झाले.

नोकरी लागली. अठ्ठावीस वर्षं त्या शाळेत इंग्रजी शिकवलं, शेवटची सहा वर्षं ओगलेबाईंच्याच खुर्चीत बसून. आबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन माझ्या पगारातून झालं. क्लब बंद पडला तेव्हा सामान लिलावात निघालं, त्यातून ती डिक्शनरी मी घेतली. अजून आहे. सोळा पानं अजून नाहीत.

त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा आबांनी भाकरी थापून ठेवल्या होत्या. मी दारात उभी राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की नोकरीचं जमलं. "झ्याक झालं," ते म्हणाले, आणि ताट पुढं केलं. "बसा, बाई."

त्यानंतर ते अकरा वर्षं होते. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही, त्या रविवारचं नाव काढलं नाही. पण मला हेमा म्हणून हाक मारली नाही परत कधी. दवाखान्यात शेवटी शेवटी पाणी मागितलं तेही, "बाई, पानी द्या."

बोळातल्या बायकांना त्याचं भारी कौतुक वाटायचं. लेक शाळेत शिकवते म्हणून बाप तिला बाई म्हणतो, अहोजाहो करतो, असं त्या आपापल्या मुलींना सांगत. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.